अण्णांचं न हसवणारं पुस्तक

अण्णांनी आयुष्यभर सोलापूरला हसवलं. गिरणीत कारकुनी करायचे आणि खेड्यातल्या माणसांच्या गमती लिहायचे. आमचे शेजारीच. त्यांच्या गोष्टीत कुणी 'लई' किंवा 'व्हय की' म्हणालं, की आम्ही पोट धरून हसायचो. तरुणपणी ते ब्रह्मदेशात लढाईवर होते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण विचारलं कुणी नाही.

ते गेल्यावर त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, त्यांचं लढाईवरचं लिखाण छापायला काढलं. एकाहत्तरची लढाई नुकतीच जिंकलेली, त्यात हे रडगाणं कशाला, असं लोक म्हणाले. प्रकाशकही म्हणे, गमतीचं असेल तर द्या. पण काकू हटल्या नाहीत. लोकांनी हे एकदा तरी गप बसून ऐकावं, एवढंच त्यांना हवं होतं. प्रकाशनाला वाचायचं मला सांगितलं. मी शाळेत शिकवायचे, आवाज खणखणीत.

वाचनालयाचा हॉल खच्चून भरला होता. काकू पहिल्या रांगेत. मी सुरुवात केली, "आमच्या तुकडीत दुष्काळी सांगोल्याचा एक पोरगा होता. ब्रह्मदेशातल्या नद्यांएवढं पाणी त्यानं जन्मात बघितलं नव्हतं."

हॉल खदखदून हसला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पुढं त्या पोराच्या पोटात गोळी लागते. पोटात जखम असली की डॉक्टर येईपर्यंत पाणी पाजायचं नाही, असा हुकूम. पोरगा म्हणतो, "दादा, पानी द्या की. लई न्हाय, घोटभर."

आणि लोक हसले हो! टाळ्यासुद्धा पडल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी ओरडले, "अहो, मरतोय तो! लाजा कशा वाटत नाहीत?" तेव्हा कुठं सगळे गप झाले. उरलेलं मी कसंबसं वाचलं. पोरगा मागत राहिला, अण्णा भरलेली बाटली धरून बसून राहिले. डॉक्टर आलाच नाही. पोरगा तहानलेलाच गेला.

टांग्यातून घरी येताना मी म्हणाले, "काकू, मूर्ख आहेत हो लोक. मनावर घेऊ नका."

"लोकांना कशाला बोलतेस?" काकू म्हणाल्या. "लग्न झाल्यावर यांनी हे पहिल्यांदा मलाच वाचून दाखवलं होतं. मी पुण्याहून नवीच आलेली. 'पानी द्या की' ऐकलं आणि मला हसू फुटलं. यांनी कागद मिटले. दुसऱ्या दिवसापासून गमतीचं लिहायला लागले."