जनरलसाहेबांची काठी

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधी कळलंच नाही. चौथीनंतर हातात पेन आलं ते किराण्याची यादी करायला. ही वही चुकून कुणी उघडलीच, तर तेवढं पोटात घाला.

धारवाडात मी ज्या घरी स्वयंपाकाला जाते, तिथले अप्पा कॉलेजात इतिहास शिकवायचे. महायुद्धातल्या एका इंग्रज जनरलवर ते चार वर्षं पुस्तक लिहितायत. लिहितात ते सुट्या चिठ्ठ्यांवर. खाटेवर चिठ्ठ्यांचे सात ढीग होते, एका ढिगात जनरलची एक नेमणूक. चिठ्ठ्यांवर क्रमाचे आकडे अजून घातले नव्हते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अप्पा हुबळीला लेकीकडे गेले. आल्यावर आकडे घालून छापखान्यात देणार होते.

मध्येच खंडेनवमी आली. अप्पांची बायको गेल्यापासून पुस्तकांची पूजा मीच करते. पाटावर पुस्तकं मांडली. मग वाटलं, अप्पांचं खरं पुस्तक तर खाटेवर आहे. सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या, कडा ठोकून एकच गठ्ठा केला, लाल कापडात बांधून हळदकुंकू वाहिलं.

दुपारी अप्पांचा फोन.

"अक्का, खाटेवरचे ढीग तसेच आहेत ना? पंखा लावू नका हं, आमचा जनरल उडून जाईल."

"हूं," मी म्हटलं. आणि फोन ठेवून दिला.

पूजेला ठेवलेलं दसऱ्याच्या सकाळपर्यंत उघडत नाहीत. तो सगळा दिवस मी गठ्ठ्याभोवती घिरट्या घातल्या. एकच खोली दोनदा झाडली, दूध उतू घालवलं. शिलाई मशीनसाठी अप्पांकडून उसने घेतलेल्यातले दोन हजार अजून द्यायचे होते. काम गेलं तर कुठून देऊ? आणि त्यांची चार वर्षं कुठून भरून देऊ?

दसऱ्याला उजाडताच पूजा उतरवली आणि जमिनीवर बसले. अप्पा दुसऱ्या दिवशी येणार होते. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. साहेब डोंगराळ सरहद्दीवर होते, वाळवंटात होते. तिथून सैन्य मागे आलं, दोष यांच्यावर आला. हुद्दा उतरवून यांना नवशिक्या शिपायांना कवायत शिकवायला बसवलं. मग पुन्हा बोलावणं आलं, ब्रह्मदेशाचं जंगल, तिथे गुडघ्यात गोळी. आधी काय, नंतर काय, हे कळेना. शेवटी युक्ती सुचली. साहेब ताठ चालतात ती चिठ्ठी गोळीच्या आधीची, हातात काठी आहे ती नंतरची. संध्याकाळपर्यंत सात ढीग खाटेवर परत लागले. पोटात अन्न नव्हतं, तरी भूक नव्हती.

अप्पा आले. काळा चष्मा लावून ढीग चाळले. तिसऱ्याच चिठ्ठीला थांबले.

"अक्का, वाळवंटातला माणूस जंगलात कसा गेला?"

मी पदराचं टोक पिळत सगळं सांगितलं. काठीचंही सांगितलं. अप्पा खोकला येईपर्यंत हसले.

"अहो, ती आखूड काठी मिरवायची! साहेबलोक काखेत धरून हिंडायचे. गुडघ्याची काठी वेगळी. सरकारनं याला एकदाच खाली उतरवलं, तुम्ही गोळीनंतर पुन्हा वाळवंटात नेऊन दुसऱ्यांदा उतरवलंत!"

चुकलेल्या अकरा चिठ्ठ्या निघाल्या. बाकीच्या बरोबर होत्या. अकराही त्यांनी माझ्याच हातांनी जागेवर ठेवायला लावल्या आणि तिथल्या तिथे आकडे घातले.

"चार वर्षांत हा जनरल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणाऱ्या तुम्हीच," ते म्हणाले. "ते दोन हजार सोडा आता. हिशेब मिटला."

मान खाली घालूनच मी म्हटलं, "तसं नको अप्पा. ढीग मोडले मीच. लावायचे पैसे कसले?"

ते पुन्हा चिठ्ठ्यांकडे वळले. मला वाटलं, राग आला. घरी जाताना डोक्यात साहेबच होते. मोठा हुद्दा जाऊन कवायत शिकवायला बसवलं, तरी रोज पहाटे मैदानावर सगळ्यांच्या आधी हजर. ती चिठ्ठी मी बरोबर ठेवली होती.

त्यानंतर दर पगाराला मी पाचशे परत टेबलावर ठेवत गेले. संक्रांतीनंतरच्या पगाराला शेवटचे ठेवले. अप्पांनी मोजले नाहीत. एक कोरी चिठ्ठी ओढली, तिच्यावर लिहिलं, 'सर्व पैसे पोचले,' आणि खाली सही केली.