ऐनाची साल

आमच्या पाचूबंदरच्या घरी ऐन यायचा तो गोणीतून, सालीचे तुकडे होऊन. आई ते हंड्यात उकळायची आणि त्या लालसर पाण्यात वडील सुती जाळी बुडवून ठेवायचे. मग खाऱ्या पाण्यात जाळं लवकर कुजत नसे. पुढे नायलॉन आलं, मी बँकेत चिकटलो, माणिकपूरला फ्लॅट घेतला. झाड म्हणून ऐन मी कधी पाहिलाच नव्हता. तो किनाऱ्यावरचा नव्हे. सह्याद्रीच्या पानझडी रानातला, आणि म्हणे थेट हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पसरलेला.

निवृत्तीनंतर वडिलांचं एक सुती जाळं सापडलं. ते दिवाणखान्यात भिंतीवर लावायचं, तेही अस्सल रंगात, हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं. तुंगारेश्वरच्या पायथ्याशी भातशेती करणाऱ्या एका मावशींच्या बांधावर ऐन भेटला. मगरीच्या पाठीसारखी खवल्याखवल्यांची साल. बापाचं जाळं रंगवायचंय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "घे की भाऊ, लागंल तवढी," आणि हंडा घेऊन पाण्याला गेल्या.

मी कोयता चालवला. एकाच बाजूने सोललं तर झाड वाईट दिसेल, म्हणून गोल फिरून हातभर रुंदीची साल सगळीकडून सारखी काढली. वर स्वतःवरच खूश! जन्मभर गोणीतली साल पाहिलेल्याची ही अक्कल.

जाळं सुरेख रंगलं. वर्षभराने भिंतीवरच्या जाळ्याचा फोटो मोबाइलमध्ये आणि हातात पेढ्यांचा पुडा घेऊन मी मावशींकडे गेलो. आजूबाजूचं रान हिरवं होतं. ऐन तेवढा वाळून उभा.

"चौफेर साल काढली का झाड मरतं, भाऊ," त्या म्हणाल्या. रागाने नाही, लहान मुलाला सांगावं तशा. दरवर्षी ह्याच्याच फांद्या त्या राबाला नेत; भाताची रोपं टाकण्याआधी जमीन भाजायला.

"मग यंदा राब?" मी विचारलं.

"आनू कुठून तरी. पाचोला गोला करू."

मला लाज वाटली. इतकी, की मोबाइल खिशातून काढवेना. त्यांनी वाळल्या खोडावर थाप मारली.

"आता ह्याच्या फल्या काढ आन् घेऊन जा. खाऱ्या पान्यात टिकतं हे लाकूड. बापाचं जालं वापरतोस, तर होडी बी असंलच की तुजी."

होडी नाही, हे सांगायला माझी जीभ रेटेना. मी म्हणालो, "बघतो, मावशी."