डिक्लाइनकाका

नकार देताना माणूस इतका सुखी दिसू शकतो, हे मी दिल्लीत मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीतल्या एका काकांकडे बघून शिकले. ते कुठल्याशा मंत्रालयात अवर सचिव होते. कोणी काम घेऊन गेलं की ते चष्मा काढत, मान एका बाजूला झुकवत आणि म्हणत, "आय डिक्लाइन." सोसायटीतली मराठी घरं त्यांना पाठीमागे डिक्लाइनकाका म्हणत. तोंडावर म्हटलं असतं तरी बहुधा खूशच झाले असते.

नुसत्या नकारावर भागत नसे, त्याची व्युत्पत्तीही ऐकावी लागे. "रिफ्यूज म्हणजे मुळात परत ओतणं. असभ्य शब्द! डिक्लाइन बघा. लॅटिनमध्ये क्लिनारे म्हणजे कलणं, डी म्हणजे दूर. मी तुम्हाला नाही म्हणत नाहीये, नम्रपणे दूर कलतोय." माणूस गॅसच्या कनेक्शनसाठी शिफारस मागायला आलेला असे, त्याला लॅटिन मिळे. वर काकूंच्या हातचा चहा. तो मात्र खरंच फक्कड असे.

मग उदारीकरण आलं. फोन, गॅस, गाड्या, सगळं पैसे टाकले की मिळू लागलं आणि काकांचं दार वाजेनासं झालं. नकार द्यायला कोणी मिळेना म्हणून माणूस चक्क सुकला. एकदा कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवाल्याला ते समजावत होते, "भाईसाहब, कोई सिफारिश माँगे तो सीधा डिक्लाइन कीजिए." "बिल्कुल साहब," म्हणत त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला नंबर लावून दिला.

एक गोष्ट मात्र बाजारात आली नव्हती. पुण्याच्या झेलम एक्सप्रेसचा ऐन वेळचा बर्थ. दिल्लीतल्या मराठी माणसाचं अर्धं आयुष्य वेटिंग लिस्टवर जातं. मंत्रालयातल्या ओळखीच्या साहेबाची चिठ्ठी रेल्वेकडे गेली, तर इमर्जन्सी कोट्यातून जागा मिळे. विमान तेव्हा आमच्यासारख्यांच्या विचारातही नव्हतं. साताऱ्याला माझे आजोबा अत्यवस्थ झाले, तेव्हा आई मला घेऊन काकांकडे गेली.

"भाऊसाहेब, वडील आहेत माझे. एक चिठ्ठी द्या फक्त."

काकांची मान झुकली. "वहिनी, माझी सही सरकारी कामासाठी आहे. आय डिक्लाइन."

"कलायचंच आहे तर एकदा आमच्या बाजूला कला की!" आई म्हणाली. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी चहा आणला नाही.

आई जनरलच्या डब्यात, संडासाजवळ, स्वतःच्या ट्रंकेवर बसून गेली. ती पोचली तेव्हा आजोबांना नेलेलं होतं. त्यानंतर आमच्या घरात काकांचा उद्धार झाल्याशिवाय जेवण होत नसे, आणि मी त्यात कुठेही मागे नव्हते. तत्त्व म्हणे! दुसऱ्याच्या जिवावर कोणीही तत्त्वनिष्ठ होईल. आई म्हणायची, "येऊ दे त्यांच्यावर वेळ. मग बघते, सही कशी झरझर होते ती."

वेळ आली. काकू माहेरी पुण्याला गेल्या होत्या, तिथे त्यांना हार्ट अटॅक आला. कळल्याबरोबर आई जिना चढून गेली, मागोमाग मी. काका पिशवीत कपडे कोंबत होते.

"चिठ्ठी गेली ना रेल्वेकडे?" आईने विचारलं.

"नाही. जनरलने जातोय."

"अहो, बायको आहे तुमची!"

काकांनी पिशवीची चेन ओढली. ती लागेना. "वहिनी, तुम्हाला नाही म्हटलं होतं मी. आता कुठल्या तोंडाने सही करू?"

आईने ती चेन लावून दिली. घरी येऊन पोळ्या लाटल्या, डबा भरला आणि माझ्या बाबांना त्यांच्याबरोबर स्टेशनवर धाडलं.

काका पोचायच्या आत काकू गेल्या. काका मग पुण्यालाच राहिले, फ्लॅट विकायलाही आले नाहीत. माझा त्यांच्यावरचा राग गेलेला नाही. उलट आता तो दोन बायकांच्या वतीने आहे.

काकू गेल्याची बातमी आली तेव्हा आई भांडी विसळत होती. हातातलं पातेलं तिने आदळलं आणि ती हमसून हमसून रडायला लागली. "करायची होती ना मेल्याने सही! मी काय बोलणार होते त्याला?"