रोझीमावशींची टर्की आणि माझा चौकसपणा

हसणार असाल तर आधी तो कप खाली ठेवा, कपड्यांवर सांडेल. कारण आता जो घोळ सांगणार आहे ना, तो माझ्या बायकोनेसुद्धा अजून पूर्ण माफ केलेला नाही!

आम्ही राहतो आखातात, अल खौदला. मी रुसैलच्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून काढायचा पगार घेतो. शेजारी वसईच्या रोझीमावशी. एका हॉटेलात हाउसकीपिंगला आहेत. गेल्या नाताळात त्यांच्या लेकीला, सिल्वियाला बघायला मुलाकडची मंडळी जेवायला येणार होती. मुलगा इकडेच इब्रीत नोकरीला, आणि त्याची आई खास वसईहून आलेली. आणि नेमका दोन दिवस आधी मावशींचा ओव्हन बंद पडला.

"सुधीर, तुझा ओव्हन चालतो ना रे?"

चालतो की नाही, मला काय माहीत? सहा वर्षांत आम्ही त्यात फक्त कढया ठेवल्या होत्या! पण "हो" म्हणालो. मला फार उत्सुकता होती हो. एवढा मोठा पक्षी आतून कसा असतो, भाजतो कसा, कळतं कसं की झाला म्हणून? पंचवीस तारखेला मावशींची सकाळची ड्युटी, सिल्वियाकडे बाकीचा स्वयंपाक. मी रजा टाकली. दुकानात टर्की सांगून ठेवलेली होती, बर्फ उतरवून तयार. ती आणायची, बाटलीतला मसाला चोळायचा आणि ओव्हनमध्ये टाकायची. एवढंच काम.

"सुधीर, अब्रू तुझ्या हातात आहे बरं," असं म्हणून मावशी गेल्या.

आठ वाजता मी दुकानात. काउंटरवर केरळचा माणूस. त्याने टर्की बाहेर काढली आणि मी बघतच राहिलो. केवढी ती! आमची लेक तान्ही घरी आणली तेव्हा हिच्या निम्मी होती. मी सुरू झालो. ही उडते का? किती वर्षं जगते? मान एवढी लांब का? तो बिचारा उत्तरं देत होता, आणि मधेच त्याने विचारलं, "कटिंग, सार?"

चौदा वर्षं! चौदा वर्षं दर आठवड्याला कोंबडी घेताना हाच प्रश्न आणि माझं हेच उत्तर. तोंडाने डोक्याला विचारलंच नाही.

"करी कट. मीडियम पीस."

बरं, तेव्हा तरी भानावर यावं की नाही? छे! त्याने करवत सुरू केली आणि मी काचेला नाक लावून बघत उभा. काय सफाई! काय कोन! क्वालिटीचा माणूस ना मी, "वा!" असंसुद्धा म्हणालो.

पिशवी हातात देताना तो म्हणाला, "बड़ा पार्टी है सार? इतना करी?"

"नहीं नहीं, रोस्ट..." एवढं बोललो आणि पिशवीत डोकावलो.

त्याने पिशवीकडे बघितलं. मग माझ्याकडे. "सार, रोस्ट में कटिंग नहीं करता."

"दूसरी है?"

"खलास, सार."

घरी येईपर्यंत मला दरदरून घाम फुटला होता. डिसेंबरात! बायको ऑफिसला गेलेली. घरात फक्त आमची मीरा, पाचवीतली, शाळेला सुट्टी. दोघांनी तुकडे ओट्यावर मांडले. चव्वेचाळीस. मोबाईलवर टर्कीचा फोटो उघडला आणि जोडायला बसलो.

आता खरं सांगू? मला मजा यायला लागली. पंखाचं हाड खांद्यात कसं बसतं, छातीचं मांस किती जाड असतं, तुम्ही कधी बघितलंय? मधे आधाराला बटाटे भरले, काड्या टोचल्या आणि बाकी सगळं सुईदोऱ्याने शिवलं. दोन तुकडे उरले. ते कुठले, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

तेवढ्यात मावशींचा फोन. "मावली का रे अख्खी?"

"मावली, मावली."

"पाय बांधलेस?"

"मावशी, सगळंच बांधलंय!" यात एक अक्षर खोटं नव्हतं, बघा.

दीड वाजता टर्की बाहेर काढली. तुम्हाला म्हणून सांगतो, दिसत होती झकास! जरा बसकी, जरा एका अंगाला कललेली, पण सोनेरी. वर कोथिंबीर पसरली, फटींत द्राक्षं बसवली. ड्युटीवरून येऊन मावशींनी बघितली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

जेवायला मावशींकडे मी आणि मीराही होतो. मुलाची आई मोठी कडक बाई. प्रार्थना झाली. मग त्या मुलाला म्हणाल्या, "कार्लोस, तू काप."

कार्लोसने सुरी टेकवली. नुसती टेकवली हो! टर्की चारी बाजूंनी सुटली. एक बटाटा घरंगळत थेट त्याच्या आईच्या ताटाशी जाऊन थांबला.

सिल्विया मान खाली घालून बसली. मावशी माझ्याकडे बघतायत. आणि मी काय करावं?

"आमच्याकडे अशीच करतात," मी म्हणालो. "म्हणजे कापायचा त्रास नको. आमची जुनी पद्धत आहे."

"हो का?" त्या बाईंनी एक तुकडा उचलला, तोंडात घातला आणि दातांतून हातभर पांढरा दोरा बाहेर ओढला. "आणि हे काय?"

"तो माझ्या युनिफॉर्मच्या बटणांचा दोरा आहे, आंटी," मीरा म्हणाली. मी तिला पायाने खुणावलं. उपयोग शून्य! "बाबांनी चुकून करी कट करून आणली. मग आम्ही शिवली. बाबा म्हणाले, कुणाला सांगू नकोस. दोन पीस उरलेत, ते फ्रिजमध्ये आहेत."

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी ओव्हनसकट आत जावं. मोडलं! माझ्या पायी एका चांगल्या मुलीचं लग्न मोडलं!

बाईंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. कसलं काय, त्या पोट धरून हसत होत्या!

"रोझी," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "आठ दिवस या कार्लोसला कापायचं टेन्शन होतं. मोबाईलवर बघून बघून शिकत होता. आणि तुझे शेजारी तुझ्यासाठी पक्षी शिवत बसतात? मुलगी पसंत आहे गं आम्हाला."

मग मात्र जेवण रंगलं. प्रत्येकाच्या ताटाच्या कडेला दोऱ्याची एक गुंडी.

लग्न मे महिन्यात, वसईला. मावशी स्वतः पत्रिका घेऊन आल्या. बायकोला म्हणाल्या, "सगळ्यांनी यायचं." मीराला जवळ घेतलं. मग माझ्याकडे वळल्या.

"आणि सुधीर, तू मात्र बाबा, हात हलवत ये."