उताणा ठेवलेला फोटो

भूत, आत्मा, करणी... असलं काही आमच्या घरात बोलायची सोय नव्हती. आम्ही बौद्ध, बाबा शाळामास्तर. कोणी असं सांगू लागलं की बाबा म्हणत, "पुरावा दाखव." मीही तशीच, वर जरा तोंडाळ. पुरावा माझ्याकडे आजही नाही, तरी सांगते. विश्वास ठेवायचा तर ठेवा.

२००२ चा एप्रिल. मूल गावात बसस्टँडजवळ दिलीपभाऊंचा फोटो स्टुडिओ होता. त्यांनी नवाकोरा कॉम्प्युटर, स्कॅनर, कलर प्रिंटर आणला आणि मला कामावर घेतलं. काच पुसायची, फोटो पालथा ठेवायचा म्हणजे चेहरा काचेकडे, झाकण लावायचं, मग स्कॅन. एवढंच, पण पहिल्या आठवड्यात मी दोनदा फोटो उताणा ठेवला आणि स्क्रीनवर आली कागदाची कोरी पाठ! "काऊन वो मॅडम, फोटोले छत दाखवून राह्यल्या का?" भाऊ चिडवायचे.

आमच्याकडे एक काम नेहमी यायचं. खेड्यात जिवंतपणी कोणी फोटो काढत नसे. माणूस गेला की धावपळ करून फोटोग्राफर आणायचा, आणि तोच एकुलता एक फोटो. डोळे मिटलेला, नाकात कापूस. मग लोक तो घेऊन यायचे, "डोळे उघडून द्या." पूर्वी पेंटर ब्रशने डोळे काढायचा, सगळ्या मेलेल्यांना तेच डोळे. आता कॉम्प्युटरवर दुसऱ्या कोणाचे तरी कापून चिकटवायचे.

त्या दुपारी शेवंताबाई आल्या. तळ्यावर मासे धरणारं कुटुंब, हाताला मासळीचा वास. पदराच्या गाठीतून नवऱ्याचा तसलाच, डोळे मिटलेला फोटो काढला.

"बाई, परवा पोरीचं लगन हाये. बाप गेला तवा थे तीन महिन्याची होती. तिनं बापाचे डोळे पाह्यलेच नाई. उघडून दे. पन दुसऱ्याचे नोको लावू वो. त्याचेच पाह्यजे."

आता त्याचेच कुठून आणू? पण तिच्या तोंडाकडे पाहून नाही म्हणवेना. "हो मावशी, करते," म्हटलं. खरं सांगायचं तर दिलीपभाऊंचेच डोळे चिकटवायचे असं मी मनात ठरवून टाकलं होतं. भाऊ बाहेर गेले होते. दुकानात आम्ही दोघीच.

तिच्याशी बोलता बोलता फोटो ठेवला, झाकण लावलं, स्कॅन दाबलं. दिवा कूं कूं करत सरकला आणि स्क्रीनवर चित्र वरून खाली उतरू लागलं. केस, कपाळ, भुवया... आणि उघडे डोळे.

मला वाटलं, मगाशी आपणच नीट पाहिलं नसेल. उजव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात एक काळा ठिपका दिसला. काचेवरची धूळ असणार! नवी शिकलेली मी, डाग पुसायची भारी हौस. माउस तिथे नेला, तोच शेवंताबाईंनी माझं मनगट गच्च धरलं.

"अव माय! थो नोको मिटवू! थो त्याचाच हाये!"

आणि ती ओक्साबोक्शी रडायला लागली. मी प्रिंट काढली. प्रिंट पदरात घेऊन ती म्हणाली, "कसं केलं वो बाई?" मी म्हटलं, "कॉम्प्युटरनं होते मावशी." मग तिचा फोटो परत द्यायला झाकण उचललं.

फोटो उताणा पडला होता. मिटलेले डोळे छताकडे.

म्हणजे काचेकडे होती ती कोरी पाठ. मी फोटो उचलून तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी ती तोच फोटो घेऊन परत आली. पोर प्रिंट सासरी नेणार, घरासाठी अजून एक पाहिजे. मी कालची फाइल उघडली. कोरी पाठ, कोपऱ्यात जुन्या फोटोग्राफरचा पुसट शिक्का. फोटो पालथा ठेवून स्कॅन केलं, डोळे मिटलेले. मुद्दाम उताणा ठेवला, कोरा. पुन्हा उताणा, पुन्हा कोरा. दहा वेळा तरी केलं असेल. रडू यायला लागलं मला. "मावशी, नाही जमत. ती प्रिंट आणली तर तिच्यावरून काढून देते."

तिने फोटो काचेवरून उचलला. मग म्हणाली, "असू दे. एक हाये तं एक. थो पोरीसंगं जाऊ दे. मले तं आठवतेत त्याचे डोळे." मिटल्या डोळ्यांचा फोटो पुन्हा पदराला बांधून ती जीप पकडायला गेली.

दिलीपभाऊंनी ती प्रिंट लग्नात पाहिली. "फोटोवर भारी टचिंग केलं," म्हणाले. पुढे गावोगावचे लोक आपापले फोटो घेऊन आले, माझंच नाव विचारत. मी सगळ्यांना नाही म्हटलं.

बाबांना मात्र सांगितलं. त्यांनी पुरावा मागितला नाही. एवढंच विचारलं, "त्या बाईला खरं सांगितलंस का?" नव्हतं सांगितलं. तिला शेवटपर्यंत वाटलं, मीच केलं. कोणी केलं, कसं झालं, मला आजही कळलेलं नाही. मला फक्त माउसवरचं माझं बोट आठवतं. एक क्लिक, आणि तो ठिपका मी पुसला असता.