पिवळ्या रेघेच्या अलीकडे

११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. ८५० रुपये, प्रवासभत्ता, स्वयंसेवक क्रमांक ३७. हे व्हाउचर सहीसाठी घेऊन मी, लेखा विभागातला कारकून, एमआरआय विभागात गेलो, तेव्हा गेनू मशीनच्या खोलीच्या दारात आडवा उभा होता.

गेनू चाकणजवळच्या खेड्यातला. बावीस वर्षं कारखान्यात लोखंड घासायचं, ग्राइंडिंगचं काम केलं. कंपनीने कमी केल्यावर ठेकेदारामार्फत पिंपरीतल्या आमच्या विद्यापीठ रुग्णालयात लागला. आत जाणाऱ्याचा पट्टा, किल्ल्या, गळ्यातला ताईत काढून ट्रेमध्ये ठेवायचा, हे त्याचं काम. आत कुणी घाबरलं तर धावत जाऊन बाहेर आणायचं, हेही कामातच लिहिलेलं. मशीन बंद असलं तरी त्यातलं चुंबक चालूच असतं, म्हणून दाराशी पिवळी रेघ आखली आहे. चार वर्षांत गेनूने ती एकदाही ओलांडली नव्हती. भित्रा म्हणून सगळे हसत. मीही.

त्या दिवशीचा स्वयंसेवक समाधान, बीडकडचा, एकोणतीस वर्षांचा, चाकणला ग्राइंडिंगवर. रात्रपाळीचा मेंदूवर काय परिणाम होतो, यावर डॉ. स्नेहल यांचं संशोधन चालू होतं. त्यासाठी मशीन फक्त दुपारी दोन ते तीन मिळे. पुढे रुग्णांची रांग. दोन वाजून बारा मिनिटं झाली होती.

"गेनूभाऊ, बाजूला व्हा," स्नेहल मॅडम म्हणाल्या. "फॉर्ममध्ये डोळ्याला धातूची इजा 'नाही' आहे. सही केलीय त्यानं."

"राव, भीती तुम्हाला वाटते, त्याला कशाला अडवता?" तंत्रज्ञ सुजित म्हणाला.

गेनूने त्याच्याकडे पाहिलंही नाही. समाधानला विचारलं, "काय रे भावा, कामावर चष्मा घालतो का?"

"घामानं काही दिसत नाही काका. कोण घालतंय?"

"डोळ्यात कण गेला कधी?"

"ते रोजचंच की!" समाधान हसला. "उस्ताद आहे आमचा. पापणी उलटी करून रुमालाच्या टोकानं काढतो. त्याला काय इजा म्हणायचं?"

"समदे निघाले?"

हसू थांबलं. "एक नव्हता निघाला. मागच्या दिवाळीला. दोन दिवस ठणकला, मग राहिला."

"आता दुखतं? दिसतं नीट?" मॅडमनी विचारलं.

"एक नंबर दिसतं. चला, जातो मी आत. अर्धी सुट्टी टाकून आलोय."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. समाधानने एक पाऊल पुढे टाकलं. गेनूचा हात त्याच्या छातीवर आला.

"मलाबी नीट दिसत व्हतं," गेनू म्हणाला. "मॅडम, माझ्या उजव्या डोळ्यात कण हाय. कंपनीतनं निघताना डॉक्टरनं फोटोत दावला, लोहचुंबकाच्या मशीनजवळ जाऊ नको म्हणाला. म्हणून मी रेघ वलांडत न्हाई. नोकरी जाईल म्हणून बोललो न्हाई. आता ठेकेदाराला सांगा खुशाल. पर ह्याला आधी फोटो काढू द्या."

सुजित खाली बघू लागला. आत कुणी अडकलं असतं तर गेनू धावून जाऊ शकला नसता, हे त्या क्षणी सगळ्यांच्याच लक्षात आलं. त्यालाही ते ठाऊक होतं. तरी तो हलला नाही, दार धरून उभा राहिला.

मॅडमनी एक्स-रे लिहून दिला. काउंटरवर पैसे भरल्याच्या पावतीशिवाय घेईनात आणि संशोधनाच्या खात्यात एक्स-रेच्या खर्चाचं शीर्षच नव्हतं. मी हे सांगत असतानाच गेनूने बनियनच्या खिशातून नोटा काढून मोजल्या.

वीस मिनिटं आम्ही बाकावर बसलो. मग पडद्यावर समाधानच्या डाव्या डोळ्याच्या खोबणीत पांढरा ठिपका दिसला, मोहरीहून बारीक.

"आत गेलो असतो तर?" समाधानने विचारलं.

"चुंबकानं हलवला असता. किती, ते सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "डोळा जाऊ शकला असता."

मग त्यांनी फॉर्म पुढ्यात ओढला, धातूच्या इजेचा प्रश्न खोडला आणि पेन हातात धरून म्हणाल्या, "गेनूभाऊ, तुम्ही कसं विचारलंत? पुन्हा सांगा."

नवा प्रश्न तेव्हापासून फॉर्मवर आहे. समाधानला नेत्रविभागात पाठवलं. त्याचा भत्ता त्याच दिवशी दिला. गेनूच्या डोळ्याचं कळल्यावर ठेकेदाराने १ डिसेंबरपासून त्याला दारावरून काढून चादरींच्या खोलीत टाकलं, पगार बाराशेने कमी.

मार्चअखेर मी निवृत्त होतोय. एक्स-रेचे २२० रुपये विभागाकडून गेनूला येणे आहेत. पावती माझ्याकडे आहे. पैसे अजून दिलेले नाहीत.