तानबाचा दगड पास झाला

मधुकर झाडे या माणसाचं उभं आयुष्य लोकांना 'नाही' म्हणण्यात गेलं, आणि त्यात त्याचा काडीचाही दोष नाही. तहसील कचेरीच्या खिडकीवर बसवलेला कारकून दुसरं म्हणणार तरी काय? साहेब नाहीत, सही झाली नाही, नक्कल तयार नाही, आज नाही, सोमवारी या. लोक बाहेरून दातओठ खायचे, शिव्या घालायचे, एखादी म्हातारी रडायलाच लागायची, आणि मधूभाऊ आत खुर्चीत घाम पुसत बसायचा. रिटायर झाला त्या दिवशी त्याने बायकोला, यशोदाला, छातीठोकपणे सांगितलं, की आता मरेपर्यंत कोणाला नाही म्हणायचं नाही. यशोदा म्हणाली, "मंग जा, भाजी घेऊन या." तर हा म्हणतो, "आज नाई."

म्हणजे सवय अशी अंगात मुरलेली. त्यात दगडांचा नाद.

हा नाद नोकरीत असतानाच लागला होता. आर्वीच्या बाहेर एका वावरात विहिरीचं खोदकाम चाललं होतं, आणि काठावर फेकलेल्या मलम्यात एक राखाडी दगड फुटून पडला होता. आत तांदळाच्या दाण्याएवढे शंख, एकमेकांना चिकटून, दाटीवाटीने बसलेले. ज्या वावरात प्यायला पाणी लागेना, तिथे कोण्या काळी तळं होतं आणि त्यात गोगलगाई सुखाने नांदत होत्या! मधूभाऊ त्या मलम्यावर उन्हात बसून राहिला. त्या दिवशी कचेरीत गेलाच नाही. पुढे त्याच्या पलंगाखाली, फ्रीजवर, देव्हाऱ्याच्या बाजूला, जिथे जागा मिळेल तिथे दगड साचत गेले आणि यशोदाने झाडू मारणं सोडून दिलं.

मग आला मोबाईल. कोणीतरी 'दगड मंडळ' नावाचा ग्रुप काढला आणि मधूभाऊच्या गळ्यात मारला. तेव्हापासून जिल्हाभरातून फोटो. दगडाशेजारी नाणं ठेवलेलं आणि खाली एकच प्रश्न: सर, हे फॉसिल आहे का? गोल गोटा सापडला की ते डायनासोरचं अंडं. दगडावर काळी झाडासारखी नक्षी दिसली की ती लाखो वर्षांची फांदी. प्रत्यक्षात ते भेगेत झिरपलेल्या खनिजाचे डाग असतात, पण सांगायचं कोणी? मधूभाऊने. गिरडच्या टेकडीवरच्या गोट्यांचा फोटो आला, की तो नुसते हात जोडल्याचं चित्र टाकायचा. तिथले दगड म्हणजे दर्ग्यातल्या बाबांच्या शब्दाने दगड झालेले नारळ नि सुपाऱ्या, अशी लोकांची श्रद्धा, त्यात आपण नाक खुपसायचं नाही, एवढी अक्कल त्याला होती. बाकी सगळ्यांना नाही, नाही, नाही. काही जण रुसायचे. पुलगावच्या एकाने तर तुम्ही कोण लागून गेले म्हणून जाहीर पाणउतारा केला. मधूभाऊला राग यायचा, पण त्याहून जास्त थकवा यायचा. आपण लोकांच्या तोंडावर सारखी दारं आपटतो आहोत, असं वाटून त्याचा जीव अगदी विटून गेला होता.

रविवार तेवढा बरा जायचा. गजेंद्रचं आर्वीत चष्म्याचं दुकान आहे. ते रविवारी बंद असतं, तेव्हा अर्धं शटर वर करून मंडळाची बैठक तिथे भरायची. मंडळ म्हणजे फार काही नव्हे. मधूभाऊ, स्वतः गजेंद्र, कॉलेजात भूगोल शिकवणारी शाल्मली, आणि तानबा. रिकाम्या हाताने यायचं नाही हा पहिला नियम. ज्याचा दगड असेल त्याने शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा दुसरा. बाकीच्यांनी दगड ओला करायचा, भिंगाखाली धरायचा, हाडाची शंका असली तर जिभेला लावून पाहायचा, कारण जुनं हाड जिभेला चिकटतं. आणि मग भांडायचं! भांडणाशिवाय निकाल नाही. एकाने शंख म्हटलं की दुसऱ्याने गारगोटी म्हणायलाच पाहिजे, मनात नसलं तरी. त्या भांडणातून जो तावूनसुलाखून निघाला तो दगड काउंटरच्या काचेवर, म्हणजे पास. नाहीतर खाली फरशीवर. आठवडाभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून गजेंद्रचं तोंड आंबलेलं असायचं, त्याची सगळी कसर तो रविवारी काढायचा. शाल्मली वयाने लहान, पण वादात कोणाच्या बापाला ऐकायची नाही.

आणि तानबा कुमरे. जंगल खात्यातला रिटायर वनमजूर, कारंज्याच्या बाजूच्या डोंगरातल्या गावातून एसटीने यायचा. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत एक दगड, मोसमाप्रमाणे सोबत टेंभरं नाहीतर चारं, अशी रानातली फळं. दगड काढताना त्याच्याशी गोंडीत काहीतरी पुटपुटायचा आणि मग गालाला हात लावून असा बसायचा, जसा काही गावात दंडारीचा खेळ पाहायला बसला आहे. इतक्या वर्षांत तानबाचा एक दगड पास झाला नव्हता. एक नाही! शेवटी दगड फरशीवर गेला की तो मनापासून हसायचा आणि म्हणायचा, "बरं बाप्पा. पुढच्या खेपेले पाहू." त्याला नाही म्हणणं हे मधूभाऊच्या आयुष्यातलं सगळ्यात हलकं काम होतं. तो एकटाच असा, ज्याला नकाराचं ओझं वाटत नव्हतं.

दिवाळीनंतर तानबा येईनासा झाला. मग एका संध्याकाळी त्याच्या मुलाचा, गुलाबचा, फोन आला. गुलाब सेलूला मास्तर आहे.

"काका, बाले नागपूरले दाखवलं," तो म्हणाला. "पोटात गाठ निंगाली. पसरली म्हणते डॉक्टर. ऑपरेशन करून फायदा नाई. आमी त्यायले अल्सर आहे म्हून सांगतलं. तुमी बी तेच सांगजा."

"हो," मधूभाऊ म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"आन् काका, एक काम करा न." गुलाबने आवाज खाली आणला. "रविवारी येतो म्हणते थो. ऐकूनच नाई राह्यला. त्याचा एखांदा दगड पास करून टाका. एकच. लय आस आहे त्याले."

फोन ठेवल्यावर मधूभाऊ पलंगावर तसाच बसून राहिला. यशोदाने सगळं विचारून घेतलं आणि डोळ्याला पदर लावला. मग म्हणाली, "एकडाव हो म्हनलं तं जीभ झडन काय तुमची? दगडच हाय न तो! कोनाच्या जमिनीचा कागद हाय का?"

"तसं नाई वं," तो म्हणाला. "थो आपल्या भरवशावर येते."

"मंग भरवशाच्या मानसानंच करा लागते," यशोदा म्हणाली, आणि तिच्यापुढे त्याचं काही चाललं नाही. खरं सांगायचं तर त्याला चालवायचंही नव्हतं. आयुष्यभर नाही म्हणून म्हणून तो पार दमला होता, आणि निदान एकदा, आपल्या माणसाला, हो म्हणावं असं त्याला आतून वाटत होतं. त्याने दोघांना फोन केले. गजेंद्र म्हणाला, "ठीक आहे." शाल्मली म्हणाली, "काका, हे बरोबर नाही." आणि थोड्या वेळाने तिनेच उलटा फोन करून बरं म्हटलं.

रविवारी तानबा आला. अरे देवा, काय तो माणूस झाला होता! सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. दुकानाची पायरी चढताना त्याने शटरला धरलं. पण आला तो हसत, आणि पिशवीतून दगड काढून टेबलावर ठेवला. पांढुरका, वीतभर लांब, दोन्ही टोकांना जाड, मधे बारीक. एखाद्या जनावराच्या नळीचं हाड वाटावं, हुबेहूब.

मधूभाऊला बघताक्षणी कळलं. चुनखडी. नाल्याच्या काठाला झाडाच्या मुळाभोवती धरते तशी. अशा तुकड्यांचे फोटो त्याला आठवड्याला येत असत.

गजेंद्रने दगड उचलला, जिभेला लावला. "चिकटते," तो म्हणाला. चुनखडीही जिभेला चिकटते, हे दुकानातल्या तिघांनाही ठाऊक होतं. त्याने तो शाल्मलीकडे दिला. तिने भिंगाखाली धरला, पण तिचे डोळे भरून आले होते, तिला काही दिसत असेल असं वाटेना. "हाडच वाटतंय," ती म्हणाली. मग दगड मधूभाऊकडे आला. त्याने तो ओला केला, फिरवला, परत फिरवला. दगड जड नव्हता, तरी त्याचा हात भरून आला.

"पास," तो म्हणाला आणि दगड काचेवर ठेवला.

"वा तानबाभाऊ!" गजेंद्र ओरडला. "आता पेढे पायजेत बरं का! असं चालनार नाई!" शाल्मलीने टाळ्या वाजवल्या. मधूभाऊ तानबाच्या चेहऱ्याकडे पाहत होता. तो आता उजळेल, मग उजळेल, म्हणून वाट पाहत होता.

तानबा दगडाकडे पाहत होता. मग त्याने गजेंद्रकडे पाहिलं, शाल्मलीकडे पाहिलं.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं की! अजून काय राह्यलं?"

"आज भांडले नाई तुमी," तानबा म्हणाला.

त्या तिघांच्या डोक्यातच आलं नव्हतं. खोटं कसं बोलायचं, कोणी आधी बोलायचं, सगळं ठरवलं होतं, आणि भांडायचं राहून गेलं होतं.

"गजेंद्रभाऊ, तुमी तं डोळ्यानं दिसत असलेल्या शंखालेबी गारगोटी म्हणता," तानबा शांतपणे म्हणाला. "आज काऊन मुके झाले? मले दगडातलं काई समजत नाई, थे सोडा. पण माह्या गोट्यासाठी तुमी तिघंबी घसा फाडून भांडता, मले तेवढं समजते. मी त्याच्यासाठीच तं येतो. पास-नापासचं काय हाय! घरी जाताना वाटते, आपल्या दगडाले इतक्या शिकेल मानसायनं इतका टाइम देल्ला." तो थांबला, त्याला दम लागला होता. "गुलाब बोलला का तुमाले?"

शाल्मली तोंड फिरवून चष्म्यांच्या कपाटाकडे बघायला लागली. गजेंद्रने उगाच टेबलावरचं फडकं उचललं. राहिला मधूभाऊ. त्याला वाटलं, काहीही सांगता येईल. नाही हो, असं काही नाही, अल्सर आहे, गोळ्यांनी बरा होईल, पुढच्या रविवारी बोलू. अशी उत्तरं देत तर आपण म्हातारे झालो. पण समोरचा माणूस खिडकीबाहेर उभा नव्हता, आणि पुढचे रविवार त्याच्यापाशी फारसे उरले नव्हते. मधूभाऊने त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि त्याला एकाएकी फार, फार शीण आला.

"हाड नाई ते, तानबाभाऊ," तो म्हणाला. "चुनखडी आहे."

तानबाने मान हलवली. त्याला त्याचं काही वाटलं नाही.

"आन् माहं?"

"गाठ आहे. पसरली. डॉक्टर म्हणते, ऑपरेशन करून फायदा नाई."

शाल्मली हुंदका देऊन रडायला लागली. तानबा उठला नाही, रडला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून फरशीकडे बघत राहिला. बाहेर कोणीतरी मोटारसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होता, ती होत नव्हती.

"म्हून पोट्टा जेवत नाई," तो म्हणाला. "मी म्हणो, सुनेनं काई म्हटलं असन. एकट्यानंच घेऊन फिरून राह्यला थो, लेकाचा." त्याने मधूभाऊकडे पाहिलं. "मधूभाऊ, तुमीच सांगजा त्याले, मले समजलं म्हून. माह्या तोंडानं नाई होत. थो रडन माह्यासमोर, आन् मले पाहवनार नाई."

"सांगतो," मधूभाऊ म्हणाला.

त्याने तानबाला हात धरून बसस्टँडवर नेलं. तानबा दोनदा थांबला, मधूभाऊ त्याच्यासोबत थांबला. गाडी आली. कंडक्टर ओळखीचा होता, त्याने पुढची सीट रिकामी करून दिली. खिडकीतून तानबाने हात केला आणि गाडी कारंज्याच्या बाजूला वळली.

मधूभाऊ स्टँडच्या बाकावर बसला. त्याने फोन काढला, गुलाबचा नंबर लावला.

"गुलाब, बाले समजलं."

"कोनं सांगतलं, काका?" गुलाबने विचारलं. "तुमी सांगतलं?"

"आमी सांगाच्या आधीच समजलं बाबू त्याले," मधूभाऊ म्हणाला. "आमी हो म्हणलो म्हून."